लाल की जांभळं

जपानमधल्या निगाता शहरात, दप्तरांच्या दुकानात मी माझ्या नातीला, चिहोला घेऊन रांगेत उभी होते. पुढे एक म्हातारं जोडपं होतं.

“लालच घेऊ. मुलींना लाल शोभतं.”

“अहो, हल्ली मुली जांभळं घेतात. शाळेची सहा वर्षं हेच पाठीवर वागवायचंय तिला.”

“मग जांभळं घे.”

“आणि नाही आवडलं तर? आपल्या सुझुनाला पिवळं आवडायचं.”

“तेव्हा ती तीन वर्षांची होती. आता शाळेत जाणार.”

“तिच्या आईला एकदा फोन करून विचारा ना.”

“घटस्फोटानंतर सूनबाईनं कधी उचललाय आपला फोन? वाढदिवसाची बाहुलीसुद्धा तशीच परत आली.”

“दप्तर नाही परत करायची. पहिलं दप्तर आजी-आजोबांनीच द्यायचं असतं.”

“तिच्या आईलाही आईबाप आहेत. त्यांनी घेतलंही असेल एव्हाना.”

“काहीतरी अभद्र बोलू नका!”

“या आजी,” काउंटरवरची मुलगी म्हणाली. “नातीला आणलंय ना? पट्टे खांद्यावर बसवून बघावे लागतात.”

मग आजी माझ्याकडे वळल्या.

“तुमची नात केवढी हो?”

“सहाची.”

“हे जरा घालेल का ती? नुसतं पाठीवर?”

चिहोनं जांभळं दप्तर चढवलं आणि गर्रकन फिरली.

“बघा,” आजी नवऱ्याला म्हणाल्या, “एवढी झाली असेल.”

आजोबा खाली वाकले. “बाळ, दारापर्यंत चालून दाखवतेस? आणि परत ये हं.”