स्वतःच्या हाताने जेवते का?

जवळ सरका मंडळी, दवाखान्याच्या रांगेत कानावर पडलेली एक गोष्ट सांगते. दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या, ऐंशीला टेकलेल्या वासंतीबाई, सून चेतना आणि चाकांच्या खुर्चीत बावन्न वर्षांची लेक मीनाक्षी. तिला रेट सिंड्रोम, वाचा आणि हातांची कामं हिरावून घेणारा मेंदूचा आजार. बोलणं दीड वर्षाची असतानाच गेलेलं. सून निवासी संस्थेचा फॉर्म भरत होती.

"आई, 'स्वतःच्या हाताने जेवते का?'"

"हो लिही."

"दिवाळीपासून ताईंनी चमचा उचललेला नाही."

"चाळीस वर्षं उचलला की! ते सगळं वाया?"

"अहो, हो लिहिलं तर ताट पुढ्यात ठेवून निघून जातील. उपाशी राहतील ताई."

"आणि नाही लिहिलं तर संस्था घेणार नाही. माझ्यामागे कोण भरवेल?"

"मी आहे ना."

"तू? तुझेच गुडघे बदलायला आलेत."

चेतनाने फॉर्मचं पान उलटलं.

"डोळ्यांनी पाणी मागते माझी मीनू. ते कुठे लिहिशील?"

"त्याला जागा नाहीये, आई."

"मग 'नाही' लिही."

"नाही लिहिल्यावर फॉर्म द्यायचा तरी कशाला?"

"चलो मग, घरी चल. तिच्या जेवणाची वेळ झाली."

कीर्तनाला बसाल, तेव्हा आरतीला हात जोडताना, जिच्या हातांना चमचाही उचलवत नाही त्या मीनाक्षीला आठवा.