हिंमतभाऊंनी नितीनला चालवून पाहिलं

१५ मार्च २०२०, रविवार. सकाळपासून ढगाळ, दुपारी गरम वारा. माझ्या रोजच्या नोंदवहीत एवढंच आहे, बाकीचं सांगतो.

रनाळ्याचे आमचे शेजारी हिंमतभाऊ. त्यांचा नितीन इटलीत एका बास्केटबॉल संघाचा फिजिओ. हिंमतभाऊंना त्या खेळातलं काही कळत नाही, पण प्रत्येक सामन्याचं रेकॉर्डिंग ते माझ्या फोनवर बघायचे. खेळाडू पडला की नितीन मैदानात धावत यायचा. तेवढं बघितलं की उठून घरी.

त्या आठवड्यात साथीमुळे तिकडचे सामने थांबले. मग हिंमतभाऊंनी मला व्हिडिओ कॉल लावायला सांगितलं.

"मी ठीक शे, बाबा," नितीन पलंगावर बसूनच म्हणाला.

"फोनवर तू कायम ठीकच ऱ्हास. उभा ऱ्हाय, चालीसन दाखाड."

"मी काय बाजारना बैल शे का?"

"बैल परवडस. तो खोटं बोलत नही."

नितीन हसत उठला. खिडकीपर्यंत गेला आणि परत आला. येताना त्याने भिंतीला हात लावला.

"ताप कव्हय उतरना?" हिंमतभाऊंनी विचारलं.

"काल," नितीन म्हणाला. "मायले सांगू नको."

"नही सांगत. आते बस खाले."

पुढे त्यांचा सगळा हंगामच रद्द झाला. नितीन जूनच्या शेवटी गावी आला, चौदा दिवस गावच्या शाळेत विलगीकरणात राहिला आणि पंधराव्या दिवशी घरी जेवला.