पेवात कंदील सोडायच्या आदी

माजं नाव नीलव्वा. माहेर वळसंग, सासर तितनं दोन कोसांवर, घरात कानडी, बाजारात मराठी, आन शिव्या दोन्हीत. बाप दुसऱ्याच्या रानात राबला, आई राबली, मीबी राबले, त्यात सांगण्यासारखं काय न्हाय बगा. लगीन झालं ते मल्लप्पाशी, आन तो सावकाराच्या पेवात उतरणारा. पेव म्हंजे जमिनीत खोल खणलेलं कोठार, तोंड बारीक आन पोट मोटं, आत कडबा लावून जोंधळा भरायचा, वरनं फरशी ठेवून मातीनं लिपून टाकायचं. मग आतली हवा नासती, आन तसाच कुणी उतरला तर हाक मारायच्या आदी आडवा होतोय.

म्हणून आमच्यात रीत हाय, पेव उगडलं की आदी दोरीला कंदील बांदून खाली सोडायचा. दिवा जळत ऱ्हायला तर माणूस उतरायचा, इजला तर दोरीला घोंगडं बांदून वरखाली हापसायचं, हवा बदलायची, आन परत कंदील सोडायचा. माजा मालक कितीबी घाई असू दे, दिव्याला इचारल्याबिगर पाय खाली टाकत न्हवता. कुणी हसलं तर म्हणायचा, बायकूचं कुंकू वर ठेवून मी खाली जातोय, हसायचं तर हसा.

त्या साली जोंधळ्यात किडा लई झाला. मूठभर दाणा धरला तर मुठीतच वळवळायचा. सावकारानं सोलापुरातनं औषद मागवलं, टिनाच्या डब्यातनं. पाण्यावानी दिसायचं, हातावर सांडलं तर गारगार लागून उडून जायचं, आन वास, काय सांगू तुमाला, सडक्या मुळ्याचा वास, लुगडं धुतलं तरी नाकातनं जाईना. औषद घेऊन आलेला माणूस भला होता, त्याला बोल लावणार न्हाय मी. त्यानं सगळं सांगितलं. ह्याची वाफ हवेपेक्षा जड, वरनं ओतलं की आपसूक तळाला जाती, किडा मरतोय, अंडीबी मरत्यात, दाण्याला काय व्हत न्हाय, उन्हात पसरला की वासबी जातोय. पर इस्तवाजवळ लई वाईट, बिडी नको, काडी नको. मल्लप्पानं तितंच बिड्या आन काडीपेटी काडून माज्या ओटीत टाकली. औषद ओतलं, तोंड लिपलं.

पेव उगडायच्या दिवशीबी त्यानं सकाळपासनं बिडी ओढली न्हाय. फरशी सरकवली आन तोच वास भसकन वर आला. माजा धाकला दीर बसप्पा म्हणाला, दादा, लई वास हाय, नको उतरू. हा म्हणाला, उतरतोय कोण लगेच, आदी कंदील आण की. बगा म्हंजे, वास आला म्हणूनच कंदील मागितला. बिडी इस्तव, काडी इस्तव, हे सगळ्यांच्या ध्यानात होतं, पर पेवातला कंदील इस्तव, हे कुणाच्या मनात आलं न्हाय, माज्याबी न्हाय. तो तर आमचा राखणदार होता. बसप्पानं घरातनं पेटवून आणला, मल्लप्पानं तोंडावर वाकून दोरी सोडली, आन निळा जाळ उठला बाई, जमीन हादरली. भाजलेल्या मल्लप्पाला बैलगाडीत घालून सोलापूरला दवाखान्यात निघालो, तर वाटंतच पाणी पाणी करत गेला. गाडी माघारी वळवली.

घरी माणसं जमली, त्यांना भाकरी घालायला दाणा न्हाय, तर सावकारानं त्याच पेवातला खालचा जोंधळा धाडला. किडा एकबी जिता न्हवता. भाकरीला वास न्हवता. मीबी खाल्ली, काय करणार, पोटाला कळतंय व्हय.

मग गावानं कंदीलच बंद केला. बसप्पा तर दिव्याला हात लावीना, म्हणायचा, वैनी, ह्याच हातानं पेटवून दिला की मी. मी म्हणायची, तुजा काय दोष, रीतच होती. पुढं त्यालाच भावाच्या जागी पेवात उतरावं लागलं. साधं पेव, औषदाचा थेंब न्हाय, वास न्हाय, काय न्हाय. त्यानं घोंगडं हापसलं आन तसाच उतरला. वरनं हाका मारल्या, त्यानं ओ दिली न्हाय. कंदील सोडला असता तर इजून सांगितलं असतं त्यानं. एक भाऊ दिव्यानं नेला, एक दिव्याबिगर गेला, आता सांगा मी कुणाला शिव्या घालू.

आता नवरा गेलेल्या बाईला शुभकामाला कोण बोलवत न्हाय, पर पेव उगडायचं म्हटलं की आदी नीलव्वाला बोलवत्यात. मी तोंडाशी बसते आन इचारते, औषद घातलंय का. घातलं असंल तर कंदील घरात, फरशी काडायची आन सगळ्यांनी लांब जायचं, वास पार जाईपतोर कुणी फिरकायचं न्हाय, सावकार कितीबी वरडू दे. घातलं नसंल तर दिवा मीच सोडते. दोरी सरकताना दोघांची नावं घेते. आन खाली दिवा जळताना दिसला की उतरणाऱ्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणते, जा बाबा, सावकाश उतर, तुज्या बायकूचं कुंकू वर हाय.