निरोगी पानं

दिंडोरीच्या स्टँडवर नाशिकच्या बसची वाट बघत एक सासू-सून माझ्या शेजारच्या बाकावर बसल्या होत्या. सुनेनं मांडीवर लॅपटॉप उघडला होता.

"आत्या, हे बघा, आपल्या बागेतल्या द्राक्षाच्या पानांचे फोटो. सहाशे हायेत."

"एवढे कशाला गं?"

"कॉम्प्युटरला शिकवायला. प्रत्येक फोटोखाली मी लिहिलंय, हे पान निरोगी, हे रोगट. ते बघून बघून तो शिकला. आता नवं पान दाखवलं की आपलं आपण सांगतो."

"तुला कुणी शिकवलं?"

"मोबाईलवर फुकट व्हिडिओ असतात. आज नाशिकला कॉम्प्युटर क्लासच्या सरांना दाखवायचंय. शंभरात चौऱ्याण्णव बरोबर येतात."

"ह्याच्याखाली काय लिहिलंय?"

"निरोगी."

"निरोगी नाय ते. हा तेलकट डाग दिसतोय ना? डावणी रोग हाय तो, नुकता लागलेला."

"मला वाटलं, उन्हाची चमक असंल."

"पुढचं दाखव. हे पण तसंच. हे पण."

"म्हणजे मी त्याला चुकीचंच शिकवलं? तरी चौऱ्याण्णव म्हणतोय."

"तू लिहिलं तेच म्हणणार ना तो."

नाशिकची बस लागली. सून जागची हलली नाही.

"उज्ज्वला, चल की. सर वाट बघत असतील."

"त्यांना फोन करते, अजून आठ दिवस लागतील म्हणून. तुम्ही इथंच बसा. पहिल्यापासून दाखवते."

"सहाशेच्या सहाशे?"

"हो."

"मग सर रागावले तर माझं नाव सांग. चतुराबाईनं थांबवलं म्हणावं. आन् ते पान जरा मोठं कर."