मातीत घातलेला पैसा

मंडळी, बसून घ्या. जागा नसेल त्यांनी देवळाच्या पायरीवर टेका. मला उभं राहून बोलणं जमेल की नाही, ठाऊक नाही.

परवा सकाळी विश्वनाथ माझ्याशी बोलला आणि तासाभरात चुडाव्याच्या फलाटावर बसल्या जागी गेला. पूर्णेकडची गाडी आली, निघून गेली. लोकांना वाटलं, डोळा लागला असेल. माझा अजून विश्वास बसत नाही. तुमचा बसतो का?

विश्वनाथ आपल्याच गावचा. परभणीत मातीवर संशोधन करायचा. त्यानं गायरानाचा एक तुकडा मागून घेतला आणि नांगर न लावता राखला. अशा मातीत काय काय जगतं, ते बघायला. आपण हसलो. "सरकारचा पगार घेऊन रान पडीक पाडायलाय," म्हणालो. मी तर तोंडावर म्हणालो, "इश्वनाथ, लोकांचा पैसा मातीत घातलास की रे!"

तो खदखदून हसला. "मग दादा, माझं कामच त्ये हाय. दुसरीकडं कुठं घालू?"

उद्याच्या ग्रामसभेत त्याला जाब द्यायचा होता. तुकडा ठेवायचा की ट्रॅक्टर घालायचा, ते ठरणार होतं. परवा मी विचारलं, "खरं सांग, काय सापडलं?"

"अजून न्हाई कळलं, दादा. कळलं असतं तर बघत कशाला बसलो असतो?"

"आन् कायच न्हाई सापडलं तर?"

"तर तसं सांगीन. लपवायचं काय त्यात?"

मंडळी, आपण रोज गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन ध्यानाला बसतो. आज काय सापडलं, असं घरात कुणी विचारत नाही. पण तो वेळ आपला असतो. हा पैसा सगळ्यांचा. म्हणून विचारणं मला आजही चूक वाटत नाही. घाई मात्र चूक वाटते.

काल त्याला समाधीत बसवलं. विभूती लावली, बेल वाहिला. मग मूठमूठ माती. माझी मूठ उघडेना. स्वामींनी एकेक बोट सोडवलं. मातीत घातला, हा शब्द आता माझ्या तोंडून निघणार नाही. कसा निघेल?

माझं एवढंच मागणं आहे. उद्या ट्रॅक्टर घालू नका. त्याच्याबरोबर काम करणाऱ्या बाई येणार आहेत. त्यांना काम पुरं करू द्या. मग भर सभेत विचारू. काहीच सापडलं नाही म्हणाल्या, तर तेही नीट ऐकून घेऊ.

आता उठा. डोळे मिटा. कुणी काही बोलू नका.

विश्वनाथा, तुला शेवटचा शरणार्थ.