कुरणातला हॉर्न

आमच्या दुबईच्या करामातल्या साठ्यांना गाडीतून उतरायचं म्हटलं की जिवावर येतं. इथे ते चालतं हो. कॅफेटेरियासमोर गाडी लावायची, हॉर्न मारायचा, की चहा खिडकीशी हजर. पण माणसाने सवय न्यावी तरी किती लांब!

ईदच्या सुट्टीत आमची दोन कुटुंबं किरगिझस्तानला गेली. भाड्याची गाडी साठेच चालवत होते. समोर बर्फाची शिखरं, खाली निळंशार तळं, चहूकडे हिरवंगार कुरण, आणि हे म्हणतात, "काचा वर घ्या, एसी वाया जातोय!"

तळ्याकाठी एका तंबूबाहेर एक म्हातारी घोडीचं दूध काढत होती. साठ्यांनी शेजारी गाडी लावली आणि चहासाठी दणकून हॉर्न मारला.

घोडी उधळली, बादली लवंडली, बाकीच्या घोड्याही चौखूर पळाल्या.

म्हातारी शांतपणे आली. दार उघडून तिने गाडीची किल्ली काढून घेतली आणि लांब घोड्यांकडे बोट दाखवलं.

मागच्या सीटवरून साठ्यांची मुलगी म्हणाली, "पप्पा, यू हॅव टू गो."

तासभर साठे चकचकीत बुटांत घोड्यांमागे धावत होते. आम्ही तंबूत म्हातारीच्या हातचा गरम चहा पीत बसलो होतो.

काल ऑफिसात कोणीतरी विचारलं, "कशी झाली ट्रिप?"

साठे तोंड वाकडं करून म्हणाले, "सीनरी ठीक आहे, पण सर्व्हिस खलास! चहासाठी चक्क गाडीतून उतरावं लागतं."