हेमांगीबाईंची हनुवटी

बसा मंडळी, सावरून बसा! चपला कुणी नेत नाही, सारखं मागे वळून बघू नका. आणि मुलांनो, तुम्ही अगदी पुढे या. आजची गोष्ट तुम्हाला कळली की मोठ्यांनाही कळेल — त्यांना जरा वेळ लागतो, इतकंच!

तर प्रश्न असा. एखादी गोष्ट आपल्याला नकोशी झाली, आणि आपण ती झाकून ठेवली — तर ती जाते का?

'नाही!' — बघा, हा आवाज पुढच्या रांगेतला. मागच्या रांगा गप्प! पाहुणे आले म्हणून घाईघाईने कपाटात काय काय कोंबलंय, ते आठवलं असेल. आठवू द्या त्यांना. तोवर आपण कऱ्हाडजवळच्या एका शाळेत जाऊन येऊ.

या शाळेत हेमांगी तारळेकर नावाच्या बाई होत्या. वय सत्तावीस. चौथीचा वर्ग त्यांच्याकडे. गाणं असं शिकवायच्या, की शेजारच्या वर्गातली मुलं पाढे चालीत म्हणायला लागायची! आवाज गोड, पण तो यायचा कुठून? ओढणीतून! ओढणी कायम नाकाखाली घट्ट. कुणी विचारलं, तर — 'धुळीची ॲलर्जी आहे हो.' अहो, श्रावणात! चिखलात गाड्या रुतायच्या, आणि बाईंना धुळीची ॲलर्जी!

धूळ कसली? हेमांगीच्या हनुवटीवर केस यायचे. मऊ लव नव्हे हं — काळे, जाड, राठ. कितीतरी बायकांना येतात. शरीरातल्या संप्रेरकांचा तोल जरा इकडेतिकडे झाला की येतात. त्यात पाप नाही, शाप नाही. तेच केस पुरुषाला आले की आपण म्हणतो, काय रुबाबदार दिसतो! हसू नका काका, तुमच्या मिशांबद्दलच चाललंय.

पण तीन वर्षांपूर्वी एका लग्नघरी वेणूआत्याने काय केलं? चारचौघींत हेमांगीची हनुवटी धरली, उजेडाकडे वळवली, आणि म्हणाली, "अगं हेमे, हे काय गं? बघायला येणारा मुलगा तुलाच 'भाऊजी' म्हणेल की!"

सगळ्या हसल्या. हेमांगीही हसली. घरी येऊन तिने ओढणी वर ओढली, ती ओढलीच!

मग दर आठ दिवसांनी पार्लर. दोरा लावायचा, केस उपटायचे. चार दिवस गुळगुळीत, पाचव्या दिवशी हाताला काटे! मुलांनो, शेतातली हरळी वरून ओढून काढली, तर ती संपते का? नाही ना? मुळी आत बसून वाट बघते — तुमची पाठ कधी वळते याची. केसाचंही तसंच!

शेवटी शाळेतल्या एका बाईंनी हळूच सांगितलं — कऱ्हाडात दर पंधरा दिवसांनी, रविवारी, वेर्णेकर डॉक्टरीणबाई येतात. त्या विजेने केसाची मुळी जाळतात. इलेक्ट्रोलिसिस म्हणतात त्याला. वेळ लागतो, पण मुळी एकदा मेली की तिथून केस येत नाही.

हेमांगीने रविवार ठरवला. शनिवारी संध्याकाळी आईने तिला आरशापुढे उभं केलं. "असं तोंड घेऊन जाणार तू डॉक्टरांकडे? काय म्हणतील त्या? आई-बापांनी काही वळण लावलं की नाही?"

"आई, त्यासाठीच तर जातेय!"

"म्हणून काय? चारचौघांत जाताना माणूस नीटनेटकं जातं. जा, पार्लरमध्ये जाऊन ये."

आणि मंडळी, हेमांगी गेली! दोरा लावला, हनुवटी चकचकीत केली. मावशी भांडी घासायला येणार, म्हणून आधी सगळी भांडी घासून ठेवणारी घरं आहेत ना आपल्याकडे? मान हलवू नका वहिनी, तुमचं नाव घेतलेलं नाही!

रविवारी डॉक्टरीणबाईंनी भिंगाचा दिवा ओढला. हनुवटी पाहिली. पुन्हा पाहिली. मग चष्म्यावरून म्हणाल्या, "केस कुठायत?"

"काल... काढले."

"छान! मग आता मी काय काढू?" बाई हसायला लागल्या. "अगं, ही सुई केसाच्या बाजूने, केस उगवतो त्या बारीक भोकातून आत जाते. केसच नसेल तर मला वाट कोण दाखवणार? दोरा नको, चिमटा नको, मेण नको. वाढू दे. कात्रीने वरवर कापलेस तर एक वेळ चालेल, पण येण्याआधीचे पाच दिवस तेही नाही. मला चिमट्यात धरायला टोक हवं."

"पण मग ते दिसतील!"

"दिसायलाच हवेत. मला दिसले नाहीत, तर जाणार कसे?"

हेमांगी हात हलवत परत आली. बरोबर होती ती रक्त तपासायची चिठ्ठी तेवढी, कारण डॉक्टरीणबाईंचं म्हणणं, आतला तोल बिघडलेला असेल तर त्याचंही औषध घ्यायला हवं, नाहीतर इकडे आपण काढतोय आणि तिकडे नवीन येतायत!

महिनाभर वाढू दिले आणि मग ती टेबलावर निजली. बर्फ लावून झाला. डोळ्यांवर पट्टी. वीज म्हटल्यावर तिला घरातला मिक्सर आठवला, एकदा ओल्या हाताने लावला होता तो! आणि मग... टुक. मुंगी चावावी तसं. क्षणभर गरम. केस चिमट्याने अलगद उचलला, तर लोण्यातून निघावा तसा निघून आला!

"झालं?" हेमांगीने विचारलं.

"एक झाला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

एक! अहो, तिला वाटलं होतं एक झटका आणि मैदान साफ! इथे एकेका केसाची वेगळी भेट. टुक... टुक... टुक. ओठाच्या कडेला आलं की मुंगीचा मुंगळा झाला, डोळ्यांतून पाणी आलं. अर्ध्या तासात बाई म्हणाल्या, "पुरे आज." आरशात बघते तर हनुवटी लाल, जरा सुजलेली. दोन दिवसांत बारीक खपल्या धरल्या. 'खाजवायचं नाही, खपली काढायची नाही, कोरफड लावायची, उन्हापासून जपायचं' — सगळं सांगितलेलं, सगळं तिने पाळलं.

आणि पंधरा दिवसांनी — पुन्हा केस! हेमांगी तणतणत गेली. "बाई, तुमच्या विजेत दम नाही! हे बघा, आले परत!"

"परत नाही आले, हे दुसरे आहेत," डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या. "तू शिक्षिका ना? तुझ्या वर्गात पट किती?"

"बत्तीस."

"रोज बत्तीस येतात?"

"छे! कधी वीस, कधी पंचवीस."

"मग गैरहजर मुलाचा गृहपाठ तपासता येतो? तसंच हे. काही केस आज वर आलेत, काही त्वचेखाली झोपलेत. जो हजर, त्याचीच मुळी मरते. बाकीचे उठतील तसे धरायचे. वर्ष लागेल, दीड वर्षही लागेल. आणि एखादा चिवट निघाला तर त्याला दुसऱ्यांदा गाठावं लागेल."

मुलांनो, कळलं? गैरहजर मुलगा शाळा सोडून गेलेला नसतो!

पाच महिने गेले. हनुवटीची एक बाजू खरंच मोकळी व्हायला लागली. पण दुसऱ्या बाजूला अजून होते, आणि वाढवलेले, त्यामुळे आधीपेक्षा जास्त दिसणारे! ओढणीला आता सेफ्टी पिन लागली. आणि नेमकं तेव्हा तालुक्याचं पत्रक आलं — महिन्याने समूहगीत स्पर्धा. शनिवारी. आणि हेमांगीचा डॉक्टरांचा रविवार नेमका त्याच्या दुसऱ्या दिवशी. त्यानंतर डॉक्टरीणबाई दोन महिने परगावी. म्हणजे शनिवारी कात्री लावली तर रविवार फुकट, आणि दोन महिने बोंब. दोरा लावला तर विचारूच नका.

"ओढणी आहे की!" आई म्हणाली. प्रश्न मिटला.

मिटला? ऐका पुढे! स्पर्धेच्या दोन दिवस आधी, गुरुवारी, पहिल्यांदाच पेटीवाले मास्तर आले, पेटी बाईंच्या आणि मुलांच्या मधोमध ठेवली. आजवर मुलं बाईंना अगदी खेटून उभी राहायची, श्वास ऐकून उचल घ्यायची. आता आठ हात लांब. बाईंनी हात केला. चार मुलांनी आधी सुरू केलं, सहा जणांनी नंतर, आणि बाकीची एकमेकांकडे बघत राहिली. पुन्हा! पुन्हा तेच. चौथ्यांदा तर मास्तरांनीच पेटी बंद केली.

"बाई, मुलांना तुमचं तोंड दिसत नाही," मास्तर म्हणाले. "लहान मुलं हाताकडे बघत नाहीत, ओठांकडे बघतात. तुम्ही श्वास घेतला की ती घेतात. सर्दी असेल तर शनिवारपर्यंत काढा घ्या, पण हे फडकं काढा."

आता सांगा! एकीकडे बत्तीस पोरं. महिनाभर घरी आयांना गाऊन दाखवून दाखवून त्यांचे कान किटवलेत. पांढरे कपडे इस्त्री करून ठेवलेत. दुसरीकडे ती हनुवटी, आणि भरलेलं सभागृह, आणि तीन वर्षांपूर्वीचा तो हशा. काय करावं तिनं? शुक्रवारी संध्याकाळी तिने कात्री हातात घेतली. आरशात बघितलं. मोकळ्या झालेल्या बाजूवरून बोट फिरवलं. गुळगुळीत. एकेक करून, पाच महिने सोसून मिळवलेली ती दोन बोटं जागा! कात्री खाली ठेवली. पण धाडस आलं असं समजू नका हं. शनिवारी सकाळी ती निघाली, ती ओढणी लावून, पिन लावूनच!

सभागृह गच्च. पालक, गुरुजी, परीक्षक. आपल्या शाळेचं नाव पुकारलं. मुलं रांगेत उभी राहिली, हेमांगी त्यांच्यासमोर, लोकांकडे पाठ करून — पण बाजूला बसलेल्या परीक्षकांना आणि दोन्ही कडेच्या रांगांना ती पुरती दिसतेय. पेटी वाजली. हेमांगीने हात उचलला, आणि बघते तर बत्तीस जोड्या डोळे तिच्या ओढणीवर. कसं बघत होती पोरं! दार कधी उघडेल म्हणून बघावं तसं.

तिने हात खाली घेतला. पिन काढली. ओढणी खांद्यावर टाकली.

कडेच्या रांगेत कुजबुज झाली. कुणीतरी कुणाला तरी कोपराने ढोसलं. आणि पहिल्या ओळीतली तेजल, एवढीशी, दोन वेण्यांची, भर माइकसमोर म्हणाली, "बाई, तुम्हाला दाढी येते?"

सभागृह चिडीचूप! टाळवाल्यांनो, असं चिडीचूप, की तुमच्यासारख्यांनी टाळ धरावा तो मुठीतच राहावा!

हेमांगीचे कान तापले. पण समोर वर्ग होता तिचा, आणि वर्गात प्रश्न विचारला की उत्तर द्यायचं, ही तिचीच शिकवण. ती म्हणाली, "हो, येते. उद्या डॉक्टरीणबाई काढणार आहेत. एकेक करून."

"दुखतं?"

"मुंगी चावल्यासारखं."

"मग तुम्ही रडता?"

"ओठाजवळ आल्यावर रडते थोडी."

तेजलने विचार केला. "माझा दात काढला तेव्हा मी खूप रडले होते," ती म्हणाली. संपलं! तिच्या लेखी विषय मिटला.

"आता माझ्याकडे बघा," हेमांगी म्हणाली, आणि तिने श्वास घेतला. बत्तीस छात्या एकदम फुगल्या. आणि जो सूर लागला मंडळी — एक! जणू एकच मूल गात होतं, सभागृहाएवढं मोठं!

नंबर? आला की! उत्तेजनार्थ! परीक्षक म्हणाले, सूर उत्तम, पण माइकवर गप्पा फार. मुलं ते प्रमाणपत्र असं नाचवत निघाली, जसं काही दिल्लीहून आलंय. आणि दुसऱ्या दिवशी, टेबलावर निजलेली हेमांगी गुणगुणत होती. डॉक्टरीणबाई ओरडल्या, "अगं, हनुवटी हलवू नकोस! सुई कुठे जाईल माझी?"

अजून सात-आठ महिने जायचेत तिचे. जातील. नेम ठरलाय, रविवार ठरलाय, आणि जो केस हजर असेल त्याला उत्तर मिळणार आहे. तिचं काम ती करतेय.

मुलांनो, तुमचा प्रश्न सुटला. झाकलेलं जात नाही. आता तुम्ही जरा मागे वळून बसा, कारण यापुढचं मला तुमच्या आई-बाबांना विचारायचंय.

मंडळी, त्या सभागृहात बत्तीस मुलं होती, आणि मोठी माणसं दोनशे. मुलांपैकी एकीने एकदाच विचारलं, उत्तर ऐकलं, आणि गायला लागली. मोठ्यांपैकी कुणी एका शब्दाने विचारलं नाही — आणि कडेच्यांची नजर गाणं संपेपर्यंत तिच्या हनुवटीवरून हटली नाही, बाकीचे मान वाकडी करून बघत राहिले. एवढा गोड सूर त्या पोरांनी लावला, पण किती जणांनी तो ऐकला, कुणास ठाऊक!

हेमांगीला ती ओढणी कुणी बांधायला लावली होती? केसांनी? केस कधी बोलतात का?

डोळे मिटा क्षणभर. हात जोडा. आणि भजनाचा पहिला शब्द तोंडात येण्याआधी, ज्याचं त्याने मनात सांगावं: त्या दिवशी आपण तिथे असतो, तर गात असतो — की बघत?